बाजार कोठें चुकतो आणि सरकार मध्यें कां पडतें

कांद्याचा भाव चढतो, निर्यातबंदीची बातमी येते, आणि आम्हां शेतकऱ्यांच्या तोंडीं एकच वाक्य असतें : सरकारनें बाजारांत हात घालूं नये. तोच शेतकरी चार महिन्यांनीं, भाव कोसळल्यावर, तालुक्याच्या कचेरीपुढें उभा राहून विचारतो कीं, सरकार झोपीं गेलें आहे काय? यांत त्याची लबाडी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दोन्ही वेळां त्याचें दुःख खरें असतें. परंतु हीं दोन वाक्यें एकाच तोंडीं शोभावयाचीं असतील, तर सरकारनें बाजारांत केव्हां उतरावें व केव्हां उतरूं नये याविषयीं कांहीं विचार आपणापाशीं असला पाहिजे. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत तो विचार पुष्कळ खोलवर केलेला आहे. पण तेथें तो विलायती उदाहरणांनीं मांडलेला असल्यामुळें आपल्या उपयोगीं पडत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तो कापसाची गाडी, बोंडअळी, टोळ आणि विहीर यांच्या आधारें मांडणार आहों.

प्रथम बाजाराचें ऋण मान्य करूं. मुंबईस उद्यां किती मेथी व किती टोमॅटो लागतील हें ठरविणारा अधिकारी कोठेंहि नाहीं. तरी पहांट होण्यापूर्वीं माल वाशीस येऊन पडलेला असतो. हें काम भाव करतो. भाव चढला म्हणजे शंभर कोसांवरच्या, एकमेकांस न ओळखणाऱ्या शेतकऱ्यांना एकाच वेळीं निरोप जातो कीं, आणखी पाठवा; उतरला म्हणजे निरोप जातो कीं, थांबा. ज्या देशांनीं हें सारें काम कचेऱ्यांकडे सोंपविलें, त्यांच्या दुकानांपुढें रांगा लागल्या. म्हणून बाजार हा मुळांतच वाईट, असें म्हणणाऱ्यांच्या पंगतींत आम्ही बसत नाहीं.

पण भाव हें काम कांहीं अटींवरच करतो. घेणाऱ्याला व देणाऱ्याला माल काय आहे हें ठाऊक असावें. वजन खरें असावें. एकाच्या हातीं सारी खरेदी नसावी. सौद्याचा लाभ व तोटा सौदा करणाऱ्यांवरच पडावा, तिऱ्हाइतावर पडूं नये. आणि जो पैसे देत नाहीं त्याला ती वस्तु नाकारतां यावी. यांपैकीं एखादी अट मोडली कीं, बाजारांतील प्रत्येक मनुष्य शहाणपणानें वागूनहि सर्वांचें मिळून नुकसान होतें. अर्थशास्त्रज्ञ यालाच बाजाराचें अपयश म्हणतात. त्यांत कोणी दुष्ट असावाच लागतो असें नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. कारण आपल्याकडे भाव बिघडला कीं प्रथम चोर शोधण्याची रीत आहे.

आतां कापसाकडे वळूं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, तिकडचा कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर मुंबई इलाखा व वऱ्हाड यांकडे लागली. भाव अतोनात चढले. त्याबरोबरच कापसांत पाणी, सरकी, माती आणि आंखूड धाग्याचा हलका माल मिसळण्याचा उद्योगहि चढला. १८६३ सालीं मुंबई सरकारनें कापसांतील लबाडीविरुद्ध कायदा करून तपासनीस नेमले. ही भेसळ केवळ कांहीं लोकांच्या नीतीचा प्रश्न होता असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें त्यापेक्षां अधिक कांहीं होतें, व तें एका सोप्या हिशेबानें समजेल.

समजा, कोरड्या स्वच्छ कापसाची किंमत शंभर रुपये व ओल्या भेसळीच्या कापसाची साठ रुपये आहे, आणि गाडीवरून पाहून दोन्हींतला भेद खरेदीदारास कळत नाहीं. निम्मा माल असा व निम्मा तसा येतो हें जाणून तो सर्वांना ऐंशी देतो. आतां स्वच्छ कापूस आणणाऱ्याचे वीस रुपये प्रामाणिकपणापायीं गेले, आणि भेसळ करणाऱ्यास वीस रुपयांचें बक्षीस मिळालें. दुसऱ्या वर्षीं पहिल्याला दोनच मार्ग उरतात : चांगला माल आणणें सोडावें किंवा आपणहि पाणी शिंपडावें. चांगला माल कमी झाला म्हणजे खरेदीदार सत्तरच देतो. त्यामुळें आणखी कांहीं चांगला माल मागें सरतो. अशा रीतीनें, कोणीहि ठरविलेलें नसतां, बाजारांत केवळ भिजका माल उरतो, आणि स्वच्छ कापसाला शंभर द्यावयास तयार असलेला गिरणीवाला व तो पिकविणारा शेतकरी यांची गांठच पडत नाहीं. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनीं १९७० सालीं हाच सिद्धांत मांडला व २००१ सालीं इतर दोघांबरोबर त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचें उदाहरण जुन्या मोटारगाड्यांच्या विक्रीचें होतें. वऱ्हाडांतील एखादा बाजार त्यांनीं पाहिला असता तर मोटारीची गरज पडली नसती.

ही झाली खरेदीदाराच्या अज्ञानाची बाजू. विकणाऱ्याचें अज्ञान व असहायता त्याहून मोठी होती. गाडीवान रात्रभर चालून सकाळीं पेठेंत येई. बैल दमलेले, वैरण संपलेली, घरीं सावकाराचा तगादा. माल परत नेणें म्हणजे दुसरें भाडें अंगावर घेणें. ही अडचण अडत्यास पक्की ठाऊक असे. मग अडत्या व खरेदीदार रुमालाखालीं एकमेकांचे हात धरून बोटांच्या खुणेनें भाव ठरवीत. मालाचा धनी शेजारींच उभा असे, पण स्वतःच्या मालाचा भाव त्याला सर्वांच्या शेवटीं कळे. तराजू व्यापाऱ्याचा, मापाडी व्यापाऱ्याचा, आणि मण तर गांवोगांव निराळा. पट्टी हातीं येई तेव्हां तींतून अडत, हमाली, तोलाई हीं तर कापलेलीं असतच. त्यांशिवाय कडता, नमुन्याचा कापूस, धर्मादाय, गोशाळा, पाणपोई असलीं खातीं निघत. धर्म करण्यास आमची हरकत नाहीं. पण तो दुसऱ्याच्या पट्टींतून व त्याला न विचारतां होऊं नये.

या अव्यवस्थेवर पहिला इलाज वऱ्हाडांत झाला. निजामाचा हा मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं होता. हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमान्वये १८८६ सालीं कारंजें येथें कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, व १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. हें सारें शेतकऱ्याच्या कळवळ्यानें झालें असें कोणी समजूं नये. मँचेस्टरास स्वच्छ कापूस वाजवी दरानें मिळावा हा त्यामागचा हेतु होता. बाजारावर देखरेख करणाऱ्या मंडळावर व्यापाऱ्यांचेंच वर्चस्व होतें. पिकविणाऱ्यास तेथें खरीखुरी जागा नव्हती. तरी हेतु कोणताहि असो, बाजाराची जागा एक, देखरेख एक, ही कल्पना रुजली. १९१७ सालीं नेमलेल्या कापूस समितीनें ती इतर प्रांतांस सुचविली, मुंबई इलाख्यानें १९२७ सालीं कापूस बाजारांचा कायदा केला, आणि लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेतकी कमिशननें १९२८ सालच्या अहवालांत सर्वच शेतमालासाठीं अशा बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांताचा शेतमाल बाजार कायदा १९३९ चा. महाराष्ट्र राज्याचा १९६३ चा, व त्यांत बाजारसमितीचे बहुसंख्य सभासद शेतकऱ्यांचे प्रतिनिधि असतात.

या कायद्यांनीं काय केलें तें नीट पाहावें. त्यांनीं भाव ठरविला नाहीं. लिलाव उघडा व्हावा, मापाडी परवान्याचा असावा, कपातीची यादी ठरलेली असावी, पैसे वेळेवर मिळावे, तंट्याचा निकाल लावण्यास कोणीतरी असावें, एवढेंच त्यांनीं पाहिलें. १९५६ च्या कायद्यानें किलो व क्विंटल आले तेव्हां गांवोगांवच्या मणाचा घोळहि मिटला. म्हणजे बाजार बंद न करितां, ज्या अटींवर तो चालावा त्या अटी त्याला परत मिळवून देणें, हा हस्तक्षेपाचा सर्वांत सौम्य व आमच्या मतें सर्वांत फलदायी प्रकार होय.

असें असूनहि आज बाजारसमितीचें नांव काढतांच शेतकरी कां चिडतो? कारण कुंपणच शेत खाऊं लागलें. समितीच्या आवाराबाहेर घाऊक खरेदी करण्यास मनाई, आणि आवारांत परवाने मोजके. ते पिढ्यान्पिढ्या त्याच पेढ्यांकडे. एका खरेदीदाराची मिरास मोडण्यासाठीं जी भिंत बांधली, तिच्या आड दुसरी मिरास वाढली. शेतकरी प्रतिनिधींचें बहुमत कागदावर असलें तरी त्यांतले कितीजण गाडी घेऊन लिलावास उभे राहतात हा प्रश्न आम्ही येथें मोकळा ठेवितों. महाराष्ट्रानें २०१६ सालीं फळें व भाजीपाला यांवरील हें बंधन काढलें. केंद्र सरकारनें २०२० सालीं आवाराबाहेरील व्यापार मोकळा करणारा कायदा इतर दोन कायद्यांसह केला. मोठें आंदोलन झालें, व २०२१ सालीं ते तिन्ही कायदे मागें घेतले गेले. बिहारनें तर आपला बाजारसमिती कायदा २००६ सालींच रद्द केला होता. पण जुन्या आवारांची जागा नव्या खाजगी बाजारांनीं भरून निघेल ही आशा तेथें फारशी सफल झाली नाहीं. आम्हांस वाटतें तें असें : विकण्याची जागा शेतकऱ्यानें निवडावी; पण जेथें कोठें विकेल तेथें वजनाची, उघड्या भावाची व पैशाची हमी कायद्यानें असलीच पाहिजे. ही हमी गेली तर रुमाल परत येईल. फक्त तो कापडाचा नसेल.

बियाण्याची गोष्ट याच वर्गांत पडते, म्हणून ती थोडक्यांत उरकितों. कापूस निदान हातानें चोळून पाहतां येतो. बियाणें खरें कीं खोटें हें पेरल्यावर, कधीं कधीं फुलोरा आल्यावर कळतें, आणि तोंवर हंगाम गेलेला असतो. विकणाऱ्यास ठाऊक व घेणाऱ्यास नाहीं, असा माल याहून दुसरा नाहीं. १९६६ चा बियाणें कायदा व १९८५ चा खत नियंत्रण आदेश यांचें मूळ येथें आहे. पावती व पिशवीवरचें लेबल जपून ठेवणें हें आमचें वाचकांस नेहमींचेंच सांगणें; तक्रारीच्या वेळीं त्यांवांचून कांहीं चालत नाहीं.

दुसरी अट अशी होती कीं, सौद्याचा परिणाम तिऱ्हाइतावर पडूं नये. ती कशी मोडते हें कापूस पिकविणाऱ्यानें २०१७ च्या हंगामांत स्वतःच्या शेतांत पाहिलें. त्या वर्षीं गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांत मोठी हानि केली. ही अळी बोंडाच्या आंत राहते, हंगाम संपल्यावर न उमललेल्या बोंडांत व पऱ्हाट्यांत टिकून राहते, आणि कापूस शेतांत जितका लांबेल तितकें तिचें फावतें. आतां फरदड ठेवणाऱ्याचा हिशेब पाहा. डिसेंबरांत पीक उपटलें तर पुढची वेंचणी बुडते. एक-दोन पाणी देऊन ठेवलें तर चार क्विंटल जास्त येतात. त्याच्या वहींत हा नफाच आहे. पण त्या फरदडींत पोसलेली अळी पुढच्या हंगामांत साऱ्या शिवारांत पसरते, व तो तोटा शेजाऱ्यांच्या वहींत लिहिला जातो. बी.टी. बियाण्याबरोबर बांधालगत लावण्यासाठीं बिगर-बी.टी. बियाण्याची जी लहान पुडी मिळत असे, तिचीहि कथा तीच. अळींत प्रतिकारशक्ति लवकर येऊं नये म्हणून ती पुडी होती. लावणाऱ्याच्या चार ओळी जात व लाभ सर्वांस मिळे. म्हणून ती बहुतेकांनीं बांधावर फेंकून दिली. आम्हीं स्वतः ती लावली असें छातीवर हात ठेवून सांगतां येणार नाहीं.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनीं १९२० सालीं अशा परपीडेवर कर बसवावा, म्हणजे करणाऱ्याच्या हिशेबांत ती येईल, असा उपाय सांगितला. पुढें १९६० सालीं रोनाल्ड कोस यांनीं दाखविलें कीं, हक्क स्पष्ट असतील व वाटाघाटीस खर्च नसेल तर शेजारी आपसांतच तोड काढतील. दोन शेजाऱ्यांच्या बांधाच्या तंट्यास कोस यांचें म्हणणें लागू पडतें; पण दोनशें खातेदारांच्या शिवारांत प्रत्येकाशीं करार कोण करीत बसणार? आणि अळी कोणाच्या शेतांतून आली याचा पंचनामा कसा व्हावा? म्हणून येथें सर्वांस सारखा लागू होणारा नियम बरा पडतो. अलीकडच्या कांहीं हंगामांत राज्याच्या कृषि खात्यानें १ जूनपूर्वीं कापसाचें बियाणें शेतकऱ्यास विकूं दिलें नाहीं, तें मान्सूनपूर्व लागवड टळून अळीची साखळी तुटावी यासाठीं. त्यावर पुष्कळ ओरड झाली. ज्याच्याजवळ ओलिताची सोय आहे त्याचें त्यांत नुकसान होतें हेंहि खरें. तरी आम्हीं या नियमाची बाजू घेतली, व आजहि घेतों.

टोळांच्या बाबतींत गोष्ट याच्याहि पलीकडे जाते. २०२० च्या मे महिन्यांत टोळधाड मध्यप्रदेशांतून विदर्भांत उतरली आणि मोर्शी, वरुड, काटोल या संत्र्याच्या पट्ट्यांत लोक थाळ्या, डबे व ढोल घेऊन धांवले. थाळी वाजवून टोळ मरत नाहीं. तो उठून शेजाऱ्याच्या बागेंत बसतो. त्याला मारावयाचा तर रात्रीं तो झाडावर विसावला असतां मोठ्या पंपांनीं फवारावें लागतें, आणि त्याची खबर राजस्थानच्या वाळवंटापासून ठेवावी लागते. या खबरीचा लाभ ज्यानें वर्गणी दिली त्यालाच व ज्यानें दिली नाहीं त्याला नाहीं, असें करतां येत नाहीं. म्हणून ती विकण्याचें दुकान कोणी काढीत नाहीं. १९३९ सालीं सरकारी टोळ इशारा संस्था निघाली ती याचमुळें. गुरांचा बुळकांडी रोग २०११ सालीं जगांतून समूळ गेला, तोहि सरकारांनीं गांवोगांव लस टोंचून, बाजारानें नव्हे.

एक प्रकार असा आहे कीं, ज्यांत बाजार आपल्या नियमानें बरोबर चालतो आणि तरी माणसें मरतात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनमध्यें रेल्वे होती, व्यापारी होते, धान्यहि पेठेंत येत होतें. पण ज्याचें पीक बुडालें व मजुरीहि बुडाली त्याच्या हातीं दाम नव्हता. सरकारनें धान्याच्या व्यापारांत पडूं नये हें त्या वेळच्या राज्यकर्त्यांचें ब्रीद होतें. वर सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरी दिवसास एक पौंड धान्य व एक आणा इतकी खालीं आणली. भाव हा भुकेचें मत मोजीत नाहीं, पिशवीचें मोजतो. अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत हेंच विस्तारानें सिद्ध केलें आहे. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें धान्याबरोबर मजुरीचा प्रश्न हातीं घेतला. रस्त्यांवर व पाझर तलावांवर लाखों लोकांस काम दिलें. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला, व २००५ सालीं तो विचार साऱ्या देशाच्या कायद्यांत गेला. कित्येक बागायतदार या योजनेवर रुष्ट असतात कीं, तिनें मजुरीचे दर चढविले. चढविले असतील. पण सुगी गेल्यावर मजुरानें काय खावें याचें उत्तर त्यांच्यापाशींहि नसतें.

आतां नाण्याची दुसरी बाजू, कारण ती न सांगणें म्हणजे वाचकांस फसविणें होय. बाजार चुकला एवढ्यानें सरकार बरोबर ठरत नाहीं. कापूस एकाधिकार खरेदीचा इतिहास पाहा. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२-७३ पासून राज्यांतील सारा कापूस सरकारी योजनेलाच घालावा असें ठरलें. हेतु उत्तम होता : व्यापाऱ्याच्या कचाट्यांतून सुटका व हमीचा भाव. पण कापसाला राज्याची सीमा कळत नाहीं. बाहेर भाव चढला कीं आमचा कापूस रात्रीं शेजारच्या राज्यांत जाई. योजनेचा भाव चढा असला कीं तिकडचा कापूस आमच्या नांवावर येथें येई. दोन्हीकडून योजनेलाच खोट. पैसे हप्त्यांनीं व उशिरां मिळत. केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत. प्रतवारी करणाऱ्याची मर्जी राखावी लागे, म्हणजे जुन्या अडत्याच्या जागीं नवा अडत्या आला. तोट्याचा डोंगर झाला, व २००२ सालीं एकाधिकार सुटला. कारंज्याच्या बाजाराशीं हें ताडून पाहावें. तेथें सरकारनें तराजू धरला होता. येथें सरकार स्वतःच एकमेव खरेदीदार झालें.

कांद्याचा अनुभव तर ताजाच आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें निर्यातीवर ४० टक्के कर, ८ डिसेंबर २०२३ रोजीं पूर्ण बंदी, मे २०२४ मध्यें बंदी उठली पण कर कायम, सप्टेंबर २०२४ मध्यें तो २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. लागण करतांना एक नियम, काढणी करतांना दुसरा. येथें बाजार कोणत्या अर्थीं चुकला होता? माल कमी होता म्हणून भाव चढला, एवढाच निरोप भाव देत होता. तो निरोपच सरकारनें अडविला. शहरांतील गरिबास महाग कांदा जड जातो हें आम्हांस मान्य आहे. पण त्याची किंमत एकट्या नाशिक-नगरच्या उत्पादकानें कां भरावी? गिऱ्हाईक संख्येनें फार आणि मतदानास तोहि जातो, हें याचें कारण अर्थशास्त्रांत सांपडणार नाहीं.

शेवटीं विहीर. या विषयावर आम्हीं मुद्दाम अधिक जागा राखली आहे, कारण येथें दोषी आपणच आहों.

महाराष्ट्राची चारपंचमांशांहून अधिक भूमि काळ्या कठीण बेसाल्टाची आहे. या खडकांत पाणी सांठतें तें वरच्या झिजलेल्या मुरुमांत व खडकाच्या भेगांत; वाळूच्या मैदानांतल्यासारखा अथांग सांठा खालीं नाहीं. आमच्या वडिलांनीं खणलेली विहीर चाळीस फूट होती व मोटेवर तीन एकर रब्बी भिजे. १९८५ च्या सुमारास शेजाऱ्यांनीं दोनशें फुटांची विंधनविहीर घेतली. फाल्गुनांत आमची विहीर उघडी पडूं लागली. आम्हीं त्यांस दोष दिला, आणि पुढच्या वर्षीं स्वतः तीनशें फूट गेलों. त्यांनीं मग पंप उतरविला. दोन्ही घरांनीं कर्ज काढलें; भिजणारें क्षेत्र दोहोंचें मिळून पूर्वीपेक्षां वाढलें नाहीं. पाणी राखून ठेवावें तर तें शेजारी ओढणार, म्हणून आपणच आधीं ओढावें, हा विचार प्रत्येकाचा शहाणपणाचा होता. गॅरेट हार्डिन यांनीं १९६८ सालीं सामायिक कुरणाच्या उदाहरणानें हीच शोकांतिका सांगितली व उपाय दोनच सुचविले : कुरण वांटून टाका, नाहीं तर सरकारच्या ताब्यांत द्या. खडकांतलें पाणी वांटून बांध घालतां येत नाहीं, राहिलें सरकार.

सरकारनें कायदे केले. १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास बंदी आली. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून अंमलांत आला. त्यांत साठ मीटरांहून खोल विहिरीस मनाई, अधिसूचित क्षेत्रांत पीक-पाण्याचें नियोजन, अशीं कलमें आहेत. परंतु विंधनविहिरीचें यंत्र रात्रीं गांवांत शिरतें व पहांटे निघून जातें. कलम वाचणारा अधिकारी तालुक्यास असतो. आणि एका हातानें उपशावर बंदी घालणारें सरकार दुसऱ्या हातानें वीज अश्वशक्तीच्या ठोक दरानें देत आलें. एप्रिल २०२४ पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपास ती मोफत झाली. पंप दोन तास चालला काय आणि दहा तास चालला काय, बिल तेंच. वीज मोफत नको असें म्हणण्याचें धाडस कोणा शेतकऱ्याच्या मासिकानें करावें? आम्ही एवढेंच म्हणतों कीं, ती देणगी पंपाच्या चालण्याशीं न बांधतां खातेदाराच्या नांवें रोख दिली, तर घेणाऱ्याचा तोटा होत नाहीं व पाणी वांचविणाऱ्याचा फायदा होतो.

हार्डिन यांना जो तिसरा मार्ग दिसला नाहीं तो एलिनोर ऑस्ट्रॉम या विदुषींनीं १९९० च्या ग्रंथांत जगभरच्या उदाहरणांनीं दाखविला, व २००९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या धुळें-नाशिक भागांतील पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धति त्याच जातीची आहे. बंधाऱ्याच्या पाण्याखालील जमिनीचे फड पाडलेले. एका फडांत सर्वांचें एकच पीक. पाणी सोडावयास पाटकरी, राखणीस जागल्या, सर्वांवर पंचमंडळी. आणि पाणी कमी असेल त्या वर्षीं फडच कमी करावयाचे, म्हणजे तोटा सर्वांस सारखा. हें शेंकडों वर्षें चाललें तें सर्व लोक साधु होते म्हणून नव्हे. प्रत्येकाचें पाणी प्रत्येकास दिसत होतें म्हणून. पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणीपंचायत उभारली. तींत पाण्याचा वांटा जमिनीवर न ठेवतां माणशीं अर्धा एकर व कुटुंबास जास्तींत जास्त अडीच एकर असा ठेविला, भूमिहीनांसहि वांटा दिला, आणि उंसाला पाणी नाकारलें. हिवरे बाजार येथें ग्रामसभेनें शेतीसाठीं विंधनविहीर बंद केली, ऊंस व केळी वगळलीं, आणि दरवर्षीं पाऊस किती पडला, पाणी किती उरलें, यावरून रब्बीचें क्षेत्र ठरविण्याची वहिवाट पाडली. भूगर्भांतलें पाणी डोळ्यांस दिसत नाहीं. विहिरींची पातळी मोजून फळ्यावर लिहिली कीं तें दिसूं लागतें.

तें मोजण्यास फार कांहीं लागत नाहीं. पाऊस संपल्यावर आश्विन-कार्तिकांत एकदां व चैत्रांत एकदां, अशी टेप घेऊन गांवांतल्या दहा-बारा विहिरींची पातळी घ्यावी, पंप आदल्या दिवशींच्या संध्याकाळपासून बंद ठेवावा, आणि गांवच्या पर्जन्यमापकाचा आंकडा शेजारीं मांडावा. आमच्या गांवीं पांच विहिरींची अशी मोजणी गेल्या दोन वर्षांपासून चालू आहे. सहावी विहीर आमच्या त्या शेजाऱ्यांची. त्यांनीं अद्याप टेप टाकूं दिलेली नाहीं, आणि आमचा तीनशें फुटांचा बोअर सुरू असतां त्यांस फार आग्रह करणें आम्हांस जड जातें.